मुक्या सोबत्याचा अखेरचा निरोप आणि कायद्याचे मौन

घरातील वृद्ध, व्याधिग्रस्त कुत्र्याला वा मांजराला डॉक्टरांकरवी इंजेक्शन देऊन शांतपणे मरण द्यावे की निसर्गक्रमाने मरू द्यावे, या प्रश्नाची जाहीर चर्चा करण्याचे कारणच काय, अशी शंका पुष्कळांच्या मनात येईल. ज्या देशात माणसाच्या औषधपाण्याचीच भ्रांत आहे, तेथे श्वानमार्जारांच्या मरणाची चिंता वाहणे हा रिकामपणचा उद्योग होय, असा अभिप्रायही ऐकावयास मिळेल. तथापि हा अभिप्राय वस्तुस्थितीला धरून नाही. पाळीव प्राणी ही आता केवळ बंगलेवाल्यांची मिरासदारी राहिलेली नाही. शहरांतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत, तालुक्याच्या गावच्या शिक्षकाच्या घरी, निवृत्त कारकुनाच्या एकाकी संसारात हे मुके सोबती घरचे होऊन राहिले आहेत. कुत्र्याचे आयुष्य सामान्यतः दहा ते पंधरा वर्षांचे. म्हणजे घरात पिलू आणले त्याच दिवशी त्याचा अखेरचा निरोप आपल्याच हातून घ्यावा लागणार हेही ठरून जाते. हा दिवस आला म्हणजे कुटुंबाने करावे काय, याविषयी आपला कायदा जवळजवळ मौन आहे, आपली नीतिपरंपरा दुभंगलेली आहे, आणि आपली व्यवस्था तर बहुतेक ठिकाणी अस्तित्वातच नाही. या तिन्ही गोष्टींचा विचार करणे अगत्याचे आहे.

दोन भिन्न प्रश्नांची गल्लत

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. प्राण्यांना मारण्याचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच भटक्या कुत्र्यांचा वाद उभा राहतो. २०२५ साल तर या वादाने गाजले. ११ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली व परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्ट रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल करून, निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री, पिसाळलेली वा आक्रमक नसल्यास, मूळ जागी सोडण्यास सांगितले. आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणांहून कुत्री हलवून ती तेथे पुन्हा सोडू नयेत असे फर्माविले. या सर्व वादात प्रश्न होता तो माणसाच्या सुरक्षिततेचा. दयामरणाचा प्रश्न याहून सर्वस्वी वेगळा आहे. तेथे माणसाला त्या प्राण्यापासून कसलेही भय नसते. उलट तो राहावा अशीच त्याची इच्छा असते. मरण द्यावयाचे ते प्राण्याच्या हितासाठी, स्वतःच्या सोयीसाठी नव्हे. हेतूचा हा भेद विसरला की दयामरणाचे समर्थक क्रूर ठरतात आणि सोयीसाठी मारणारे दयाळू ठरतात.

हा भेद महात्मा गांधींच्या दोन प्रकरणांवरून जितका स्पष्ट होतो तितका अन्य कशानेही होत नाही. १९२६ साली अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांच्या गिरणीच्या आवारातील साठ कुत्री मारण्यात आली, आणि दुसरा इलाज तरी काय होता, असे म्हणून गांधीजींनी त्यांची पाठराखण केली. त्यावर उठलेल्या गदारोळाला त्यांनी ‘यंग इंडिया’तून लेखामागून लेख लिहून उत्तर दिले. ते प्रकरण लोकांच्या सुरक्षिततेचे होते. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात जे घडले ते अगदी निराळे होते. एक वासरू जायबंदी होऊन असाध्य दुखण्याने पडले होते. सेवाशुश्रूषा झाली, उपचार झाले. परंतु त्याला कूस बदलणेही असह्य झाले. डॉक्टरांनी आशा सोडली. आश्रमवासीयांशी विचारविनिमय करून गांधीजींनी त्याला इंजेक्शनद्वारा मरण देवविले. गोरक्षणाचा कैवार घेणाऱ्या, अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या पुरुषाने गोवत्साचा प्राण घ्यावा, हे समाजाला सहन झाले नाही. संतप्त पत्रांचा पाऊस पडला. गांधीजी मात्र ढळले नाहीत. शल्यवैद्य शस्त्र चालवितो ती हिंसा नव्हे; त्याचप्रमाणे जेथे वेदनेतून सोडविण्याचा अन्य मार्गच उरलेला नाही तेथे देहाचा अंत करणे ही अहिंसाच होय, असा त्यांचा युक्तिवाद होता.

विशेष असे की, या युक्तिवादाला त्यांनी मोकळे रान दिले नाही. त्यांनी त्याला चार अटी घातल्या. रोग असाध्य असला पाहिजे. संबंधित सर्वांनीच त्या जिवाची आशा सोडलेली असली पाहिजे. कोणतीही सेवा वा मदत पोहोचण्याच्या पलीकडे ती अवस्था गेलेली असली पाहिजे. आणि रुग्णाला आपली इच्छा प्रकट करणे अशक्य असले पाहिजे. यांतील एक अट जरी अपुरी राहिली, तरी अहिंसेच्या दृष्टीने प्राणहरण समर्थनीय ठरत नाही. जवळजवळ शंभर वर्षे लोटली. परंतु प्राण्यांच्या दयामरणाची याहून काटेकोर कसोटी आपल्या सार्वजनिक जीवनात दुसऱ्या कोणी मांडली असेल असे वाटत नाही.

दयेच्या परंपरेतील पेच

आपल्या समाजात भूतदयेची परंपरा जुनी आहे यात शंका नाही. मुंबईचेच उदाहरण घ्यावे. १८३२ साली कंपनी सरकारच्या पोलिसांनी रस्त्यावरील कुत्री मारण्याची मोहीम उघडली तेव्हा कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजात क्षोभ उसळला आणि शहरात दंगल झाली. १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापारी यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. १८७४ साली प्राणिक्रौर्य प्रतिबंधक मंडळी स्थापन झाली, १८८३ साली परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय निघाले आणि १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पांजरपोळ आणि पशुवैद्यक रुग्णालय या दोन संस्था एकाच शहरात पन्नास वर्षांच्या अंतराने निघाल्या. परंतु दोहोंमागील दया एकाच जातीची नव्हती. पांजरपोळाची दया म्हणते, जीव घेऊ नका. त्याचा काळ येईपर्यंत त्याला सांभाळा. रुग्णालयाची दया म्हणते, वेदना दूर करा. आणि ती दूर होणे शक्यच नसेल तर तिचा अंत करा. पहिली दया जीवनाला जपते, दुसरी दुःखाकडे पाहते. सामान्यतः या दोहोंत विरोध येत नाही. परंतु मूत्रपिंडे निकामी झालेला, अन्न टाकलेला, रात्रभर कण्हणारा कुत्रा दारात पडलेला असतो, तेव्हा या दोन दया एकमेकींच्या समोर उभ्या राहतात आणि कुटुंब मधल्यामध्ये कोंडीत सापडते.

आपल्या परंपरेत स्वेच्छेने देह ठेवण्याला स्थान आहे, असा दाखला येथे पुष्कळदा दिला जातो. जैनांची सल्लेखना आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९६६ साली आणि आचार्य विनोबा भावे यांनी १९८२ साली पवनार येथे अन्नपाणी वर्ज्य करून देह ठेवला. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ साली संथारा बेकायदा ठरविला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. परंतु हे दाखले प्रस्तुत प्रश्नाला लागू पडत नाहीत. या सर्वांत निर्णय मरणाऱ्याचा स्वतःचा आहे. प्राण्याला तोंड आहे पण वाणी नाही. त्याच्या वतीने दुसऱ्याला बोलावे लागते. म्हणून दयामरणाच्या प्रश्नाचा गाभा ‘मरण द्यावे की नाही’ एवढाच नाही. ‘त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा’ हाही तितकाच मूलभूत प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक मार्मिक उत्तर माणसाच्याच एका खटल्यातून मिळते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला आणि त्या पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षे, मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, अचेतनप्राय अवस्थेत होत्या. त्यांना मरू द्यावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, ती ७ मार्च २०११ रोजी फेटाळली गेली. त्या निकालात विशिष्ट अटींवर जीवरक्षक उपचार थांबविण्यास प्रथमच वाट मिळाली, हे सर्वश्रुत आहे. तितकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट मात्र विसरली जाते. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने मानला तो याचिकाकर्त्या लेखिकेचा नव्हे, तर वर्षानुवर्षे तिला न्हाऊमाखू घालणाऱ्या, भरविणाऱ्या के. ई. एम.च्या कर्मचाऱ्यांचा. ज्याने सेवा केली त्याचा शब्द प्रमाण, हे यातील सूत्र आहे.

हे सूत्र घरच्या प्राण्याला लावून पाहावे. परवान्यावर ज्याचे नाव आहे किंवा डॉक्टरांचे बिल जो भरतो, तो कायद्याने मालक खरा. परंतु त्या जिवाला पहाटे बाहेर नेणारी, त्याने घाण केली तर निमूटपणे पुसून काढणारी, तो कोणत्या कुशीवर झोपतो हे जाणणारी व्यक्ती घरात बहुधा दुसरीच असते. कधी ती गृहिणी असते, कधी शाळकरी मुलगी, कधी कामाला येणारी बाई. निर्णयाच्या वेळी मात्र हिला कोणी विचारीत नाही. मुले शाळेत गेली असता घाईघाईने कार्यभाग उरकला जातो आणि संध्याकाळी ‘गावाला पाठवला’ असे सांगितले जाते. हे असत्य दयाळू हेतूने बोलले जाते. परंतु त्यामुळे मुलाच्या मनावरील आघात टळत नाही, त्यात विश्वासघाताची भर मात्र पडते.

कायदा काय म्हणतो?

आता कायद्याकडे वळावे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० सालचा. त्याच्या तिसऱ्या कलमान्वये प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या स्वास्थ्याची काळजी घेणे आणि त्याला अनावश्यक यातना होऊ न देणे हे कर्तव्य ठरते. जल्लीकट्टूच्या प्रकरणात ७ मे २०१४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या ‘पाच स्वातंत्र्यां’चा आशय या कर्तव्यात आहे असे मानले, वेदना, इजा आणि रोग यांपासून मुक्तता हे त्यांतील एक होय. अकराव्या कलमान्वये प्राण्याला क्रूर रीतीने ठार मारणे हा गुन्हा आहे आणि उपासमारीने वा तहानेने त्याला यातना होतील अशा स्थितीत सोडून देणे हाही गुन्हा आहे. त्या अधिनियमाने पहिल्या अपराधाला ठरविलेला दंड मात्र दहा ते पन्नास रुपयांचा होता, हे त्यातील करुण विनोदाचे अंग म्हणावे लागेल.

मरणयातना भोगणाऱ्या प्राण्याचा अंत करण्याची तरतूद तेराव्या कलमात आहे. परंतु ती वाचली म्हणजे ध्यानात येते की, विधिमंडळाच्या नजरेपुढे रस्त्यावर कोसळलेला टांग्याचा घोडा किंवा गाडीचा बैल होता. मालक हजर नसेल किंवा संमती देत नसेल तर पोलीस अधिकाऱ्याने काय करावे, पशुवैद्याचा दाखला कसा घ्यावा, दंडाधिकाऱ्याची आज्ञा केव्हा लागते, याचा विचार तेथे आहे. मालक स्वतःच डोळ्यांत पाणी आणून डॉक्टरांना घरी बोलावीत आहे, ही परिस्थिती त्या कलमाच्या कर्त्यांच्या कल्पनेत नव्हती.

याहून मोठी विसंगती पुढेच आहे. १० मार्च २०२३ रोजी केंद्र सरकारने प्राणी जन्मनियंत्रणाचे नवे नियम जारी केले. हे नियम प्रामुख्याने रस्त्यावरील प्राण्यांसाठी आहेत. त्यांत असाध्य रोगाने ग्रस्त वा प्राणांतिक जखमी कुत्र्याला दयामरण देण्याची पद्धत सांगितलेली आहे. निदान समितीने नेमलेल्या पथकाने करावे. मरण पात्रताधारक पशुवैद्यानेच, सोडियम पेंटोबार्बिटल या औषधाने किंवा अन्य मान्य मानवीय रीतीने द्यावे. दुसऱ्या कुत्र्यादेखत ते देऊ नये. आणि मृत्यूची खात्री केल्याविना देहाची विल्हेवाट लावू नये, असे नियम सांगतात. म्हणजे बेवारस कुत्र्याच्या अंताबाबत शासनाने जितका बारकाईने विचार केला, तितका चौदा वर्षे घरात वाढलेल्या कुत्र्याच्या अंताबाबत केलेला नाही. तेथे सारे काही डॉक्टरांच्या विवेकावर आणि कुटुंबाच्या नशिबावर सोपविलेले आहे.

मनुष्य आणि प्राणी यांच्याबाबतचा कायदा परस्परांच्या नेमका उलट आहे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ केली. परंतु तो अधिकार उपचार थांबविण्यापुरताच आहे. इंजेक्शन देऊन माणसाचा प्राण घेणे हा आजही गुन्हा होय. प्राण्यांच्या बाबतीत उपचार आणि अन्नपाणी बंद करून पडून ठेवणे ही क्रूरता ठरते आणि इंजेक्शन ही दया ठरते. हा विरोधाभास वरवरचा आहे. माणूस आपल्या दुःखाला अर्थ देऊ शकतो. कोणाची तरी वाट पाहत, काही तरी पुरे करावयाचे म्हणून तो वेदना सोसतो. शिवाय माणसाला मारण्याची मुभा दिली तर वारशाचा लोभ आणि दुर्बलांवरील दडपण यांना वाट मिळते. प्राण्याला उद्याची आशा नाही. त्याच्यासाठी वेदनेचा क्षण हेच सारे विश्व असते. ती सोसून त्याला काहीही मिळवावयाचे नसते.

घरीच का?

दयामरण रुग्णालयाऐवजी घरी द्यावे, ही मागणी अलीकडे शहरांतून वाढू लागली आहे. तिला श्रीमंती चोचला म्हणून हिणविण्याचे कारण नाही. संधिवाताने जखडलेल्या तीस-पस्तीस किलोच्या कुत्र्याला उद्वाहन नसलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून खाली आणणे म्हणजे त्याच्या वेदनेत भर घालणे होय. मांजराला तर टोपलीत घालून प्रवास घडविणे हेच मोठे संकट वाटते. अनोळखी टेबल, औषधांचा उग्र दर्प, शेजारी भुंकणारी कुत्री, यांच्या भीतीत अखेरचा अर्धा तास जावा असे कोणालाही वाटणार नाही. एके काळी आपल्याकडे माणूसही घरीच, आपल्या माणसांत, मुखात गंगोदक घेऊन मरत असे. आता तो अतिदक्षता विभागात नळ्यांच्या जंजाळात मरतो. माणसाने स्वतःसाठी गमावलेले ते मरण त्याला आपल्या मुक्या सोबत्यासाठी तरी हवेसे वाटावे, यात नवल नाही.

या क्रियेचे स्वरूप ठाऊक नसल्यामुळेही पुष्कळ भय निर्माण होते. यथायोग्य रीतीने केलेल्या दयामरणात प्राण्याला प्रथम गुंगीचे औषध दिले जाते. तो शांत झाल्यावर पुढच्या पायाच्या शिरेत सुई बसवून भुलीच्या वर्गातील औषध मोठ्या मात्रेत सोडले जाते. काही सेकंदांत शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो आणि शेवटी हृदय. डोळे बहुधा उघडेच राहतात. मृत्यूनंतरही एखादा स्नायू थरथरतो, एखादा उसासा बाहेर पडतो, मूत्रविसर्जन होते. या गोष्टी वेदनेच्या खुणा नव्हेत. परंतु आधी कल्पना दिलेली नसेल तर पाहणाऱ्याच्या मनात त्या आयुष्यभर सलत राहतात. म्हणून डॉक्टरांनी औषध देण्यापूर्वीची दहा मिनिटे समजावून सांगण्यात घालविणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

वेळ कशी ओळखावी, हा त्याहून अवघड प्रश्न. अमेरिकेतील पशुकर्करोगतज्ज्ञ ॲलिस व्हिल्यालोबोस यांनी २००४ साली यासाठी एक सोपी मोजपट्टी सुचविली. वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत काय, या सात बाबींना शून्य ते दहा असे गुण द्यावयाचे. बेरीज पस्तिसांच्या वर असेल तर सांभाळणे चालू ठेवण्यास हरकत नाही, असे मानावयाचे. जिवाचे मोल गुणपत्रिकेत बसविण्याची कल्पना कोणाला रुक्ष वाटेल. परंतु तिचा खरा उपयोग बेरजेत नाही. रोजच्या रोज डोळ्यांसमोर असलेला ऱ्हास आपल्याला दिसत नाही. आठवड्यामागून आठवडा टिपून ठेवले म्हणजे तो दिसू लागतो, आणि निर्णय भावनेच्या एका झटक्यात न होता विचाराने होतो. शिवाय वेदनाशामक औषधे देऊन सुखाने दिवस काढण्याचा मार्ग शिल्लक आहे काय, हेही त्यातून उमगते. पुष्कळदा तो असतो.

आक्षेप आणि उणिवा

दयामरणाविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप धार्मिक नसून व्यावहारिक आहे. ही सोय सुलभ झाली की तिचा दुरुपयोग होईल, हा तो आक्षेप. बदली झाली, सदनिका बदलली, घरात बाळ आले, प्राणी म्हातारा होऊन घाण करू लागला, अशा कारणांनी निरोगी वा बऱ्या होण्याजोग्या प्राण्यांना ‘झोपविण्या’ची मागणी डॉक्टरांकडे होऊ शकते. हा धोका काल्पनिक नाही. परंतु त्यावर उपाय दयामरण नाकारणे हा नसून सोयीच्या मरणाला नकार देण्याचे बळ डॉक्टरांना देणे हा आहे. आज डॉक्टर नकार देतो तो स्वतःच्या हिंमतीवर; आणि होकार देतो तोही स्वतःच्याच जोखमीवर. या ओझ्याची किंमत लहान नाही. ब्रिटनमधील अभ्यासांत पशुवैद्यांमधील आत्महत्यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या तिप्पट-चौपट आढळले आहे. त्याची कारणे अनेक असतील. पण ज्याला दर आठवड्याला कुणाच्या तरी लाडक्या जिवाचा अंत करावा लागतो, त्याच्या मनाचा विचार समाजाने कधी तरी करावयास हवा.

दुसरी उणीव साधनांची. पेंटोबार्बिटल हे औषध अमली व मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याच्या अनुसूचीत आहे. त्यावर निर्बंध असणे योग्यच. परंतु निर्बंधांचा परिणाम असा होता कामा नये की नोंदणीकृत पशुवैद्यालाही ते सुखासुखी मिळू नये. योग्य औषध नसले की पर्याय शोधले जातात. पूर्ण भूल दिल्यावर वापरलेला पर्याय एक वेळ मान्य करता येईल. पण भुलीविना हृदय थांबविणारे द्रव्य टोचणे म्हणजे दयेच्या नावाखाली केलेला छळच होय. कुटुंबाला हा फरक डोळ्यांनी कळत नाही. म्हणून ‘आधी पूर्ण भूल देणार ना?’ हा प्रश्न प्रत्येकाने निःसंकोच विचारला पाहिजे.

तिसरी उणीव अंतराची. मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ साली टाटा न्यासांचे सुसज्ज लहान प्राण्यांचे रुग्णालय उघडले. महानगरपालिकेने २०२३ साली मालाडला अशा प्राण्यांसाठी दहनभट्टी सुरू केली. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु महानगराच्या वेशीबाहेर पाऊल टाकले की चित्र पालटते. शासनाचा पशुवैद्यकीय दवाखाना तेथे असतो तो गाईम्हशींसाठी, आणि १९६२ या क्रमांकावर येणारे फिरते पथकही मुख्यतः पशुधनासाठीच. मग कुत्र्याचे काय होते? कोणी त्याला पोत्यात घालून दूर सोडून येतो, कोणी विष घालतो, आणि ज्याचे मन यांपैकी काहीच करण्यास धजत नाही तो दोन-दोन आठवडे त्याचे कण्हणे ऐकत बसतो. या तिन्ही घरांत दयेचा अभाव असतो असे नाही. अभाव असतो तो साधनांचा.

देहाच्या विल्हेवाटीचा प्रश्नही दुर्लक्षणीय नाही. दयामरणासाठी दिलेले औषध मृतदेहात राहते आणि तो उघड्यावर टाकला तर त्यावर चरणारे पशुपक्षी विषबाधेने दगावू शकतात. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे देशातील गिधाडांचा जो संहार झाला, आणि ज्यामुळे २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तो अनुभव ताजा आहे. म्हणून अशा देहाचे दहन किंवा खोल दफनच झाले पाहिजे.

काय करता येईल?

यासाठी प्रचंड खर्चाची किंवा नव्या महामंडळाची आवश्यकता नाही. १९६० च्या अधिनियमाखाली घरगुती प्राण्यांच्या दयामरणासाठी चार-पाच कलमांचे नियम करता येतील. असाध्यतेचा लेखी दाखला, कुटुंबाची लेखी संमती, शक्य तेथे दुसऱ्या पशुवैद्याचे मत, आधी भूल देण्याची सक्ती, सोयीसाठी मागितलेल्या मरणाला नकार देण्याचा डॉक्टरांचा स्पष्ट हक्क आणि केलेल्या कृत्याची नोंद, एवढ्या गोष्टी त्यात पुरेशा आहेत. औषधाचा पुरवठा जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय रुग्णालयातून हिशेबासह व्हावा. नगरपालिकांनी आठवड्यातून एखादा दिवस घरभेटीसाठी माफक शुल्कात पशुवैद्य उपलब्ध करून द्यावा आणि दफनासाठी जागा राखून ठेवावी. कुत्र्याच्या परवान्याचे शुल्क घेणाऱ्या संस्थेने त्याच्या जन्माची नोंद करावी आणि मरणाकडे पाठ फिरवावी, हे न्याय्य नाही. पशुवैद्यक महाविद्यालयांतूनही सुई कशी टोचावी याबरोबरच मरणाची वार्ता कशी सांगावी, याचे शिक्षण दिले गेले पाहिजे.

हेच नियम पुढे शेतकऱ्याच्याही उपयोगी पडतील. पाय मोडून पडलेल्या बैलाच्या बाबतीत दयामरण आणि कत्तल यांतील सीमारेषा कागदावर स्पष्ट नसेल, तर गोवंशहत्याबंदीच्या वातावरणात पशुवैद्य हात आखडता घेईल हे उघड आहे. त्याची किंमत मोजतो तो बैल. पोळ्याला ज्याची पूजा करावयाची त्याला असहाय अवस्थेत तडफडत ठेवणे, ही कोणत्याच परंपरेची शिकवण असू शकत नाही.

महाभारताच्या अखेरीस धर्मराज स्वर्गाच्या दारात उभा राहून सांगतो की, ज्याने माझा आश्रय घेतला त्या श्वानाला टाकून मी आत जाणार नाही. या कथेचा उल्लेख निष्ठेचे उदाहरण म्हणून नेहमी होतो. ती निष्ठा कुत्र्याची नसून माणसाची आहे, हे मात्र नजरेआड होते. आश्रिताला न टाकणे याचा अर्थ त्याला कसेही करून जिवंत ठेवणे असा होत नाही. त्याच्या अखेरच्या घटकेस भय आणि वेदना त्याच्या वाट्याला येऊ न देणे, आणि ती घटका पाहण्याचे दुःख टाळण्यासाठी स्वतः तेथून निघून न जाणे, असा होतो. कुटुंबाने एवढे केले तर त्याने आपले कर्तव्य केले. शासनाने त्याला हे कर्तव्य करता येईल अशी व्यवस्था उभारणे, एवढेच आता बाकी आहे.